माझा शब्द

"मागे घेते की परत घेते?" साईप्रियाने तिसऱ्यांदा विचारलं. तिचा अंगठा मोबाइलवर थांबला होता.

विशालाक्षीला ठरवता येईना. परवा सकाळी पुण्यात तिच्या धाकट्या बहिणीच्या, वत्सलाच्या, हृदयाचं ऑपरेशन होतं. वत्सलाच्या मुलाने, गिरीशने, फोनवर एवढंच कळवलं होतं. दोघी बहिणी बारा वर्षं बोलल्या नव्हत्या. आता फोन केला तर रडूच येईल आणि सांगायचं ते राहून जाईल, म्हणून निरोप लिहायचा. तो आजच जायला हवा होता. ऑपरेशननंतर वाचायला वत्सला असेलच, असं कुणी सांगावं?

"आजी, तमिळात लिहूया ना. मावशीआजीला वाचता येतं. त्यात 'वापस'च म्हणतात, झालं."

"वापस निवडणुकीचे अर्ज घेतात. आणि भांडण मराठीवरून झालं. मराठीतच मिटायला हवं."

भांडण वडिलांच्या, अप्पांच्या, तेराव्याचं. अडतीस वर्षं पुण्यात काढलेली वत्सला सगळ्या नात्यागोत्यासमोर हसून म्हणाली होती, "अक्का, मराठीत असं नाही म्हणत." विशालाक्षी जन्मभर तसंच म्हणत आली होती. तिची आई तसंच म्हणायची. ती वाढप्याकडे वळली आणि म्हणाली, "आधी त्या परकीला वाढा." वत्सला भरल्या पानावरून उठली. संध्याकाळच्या गाडीने गेली.

"मागे घेते लिहू?"

"मागे तर बैलगाडी घेतात."

"मग परत घेते."

"परत म्हणजे पुन्हाही होतं की गे. तिला वाटेल, अक्का पुन्हा परकी म्हणते."

"गिळते?"

"तेव्हाच गिळला असता तर हा दिवस कशास आला असता?"

साईप्रियाने कपाळाला हात लावला. तिला मराठी समजत होती, बोलताना ती अडखळायची आणि लिहिता तर अजिबात येत नव्हती. ती इंग्रजी अक्षरं दाबायची, मोबाइल त्यांची मराठी करून द्यायचा. मोबाइलने काय लिहिलं ते दोघींनाही वाचता येत नव्हतं; तमिळ मुलखातल्या या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलणं मराठी, पण शाळा तमिळ. शेवटी तिने तीन घरं पलीकडच्या वेंकटरावांना बोलावून आणलं. गल्लीत देवनागरी वाचणारे तेवढेच उरले होते.

वेंकटराव चष्मा पुसत बसले. सगळं ऐकून म्हणाले, "भांडताना कुणाला विचारलं नव्हतंस, विशालाक्षी. आता पंचायत बोलावतेस?"

"अहो, तुम्ही नीट तेवढं सांगा. फिरवते म्हणू का?"

"छे, छे. फिरवतात ती खोटी माणसं. परत घेते, हेच बरं. पुण्याकडे कळेल. लिही पोरी, मी माझे शब्द परत घेते."

"शब्द किती?" विशालाक्षीने विचारलं.

"म्हणजे?"

"'माझे' म्हटलं की पुष्कळ झाले. मी काय तिला दिवसभर शिव्या देत होते? एकच शब्द बोलले. परकी. जेवढा बोलले तेवढाच घेणार. 'माझा शब्द' लिही."

वेंकटरावांनी ते दोनतीनदा मनाशी म्हणून पाहिलं. माझे शब्द. माझा शब्द. काहीतरी खटकत होतं, पण काय ते त्यांना सापडेना. "व्याकरणात चूक नाही," ते म्हणाले आणि उठले.

निरोप गेला. 'वत्सला, मी माझा शब्द परत घेते. अक्का.' थोड्या वेळाने वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. विशालाक्षीने कॉफी केली. ती निवली. उत्तर आलं नाही. तिने साईप्रियाला विचारलं, "मागे घेते हवं होतं का?" मग म्हणाली, "नाही, परतच बरं." मग पुन्हा म्हणाली, "तू नीट दाबलंस ना?"

चारच्या सुमारास फोन वाजला. गिरीश होता. त्याचा आवाज चढला होता.

"मावशी, आईला काय लिहिलंत तुम्ही? वाचल्यापासून तोंड भिंतीकडे करून पडली आहे. डॉक्टर म्हणतात, हिला शांत ठेवा. आणि तुम्हाला आजच सुचलं हे?"

"अरे, मी तर चांगलंच..." विशालाक्षीने निरोप मनाशी म्हणून पाहिला. काय चुकलं? घेते? परत? तिने असहायपणे साईप्रियाकडे पाहिलं. साईप्रिया मोबाइलवरची न वाचता येणारी ओळ पाहत होती.

तिकडे कुजबुज झाली. फोन हातातून हातात गेला. मग बारा वर्षांनी तो आवाज आला. पुण्याचा एकही सूर त्यात नव्हता.

"अक्का, मी काय केलं गे?"

"तू काही नाही. मीच बोलले. तेच परत घेतलं."

"परकी म्हणालीस, ते मी ऐकून घेतलं. माझंही चुकलं होतं. पण म्हणून दिलेला शब्द परत घेतात?"

"कुठला शब्द?"

"माझ्या लग्नानंतर स्टेशनवर दिलास तो. गाडी सुटताना. तिकडे तुज कुणी नाही, अडलीस की सांग, असशील तिथे मी येते, म्हणालीस."

विशालाक्षी आठवू लागली. स्टेशन आठवलं, गर्दी आठवली, शब्द आठवेना. बारा वर्षं तिच्या डोक्यात एकाच शब्दाने जागा धरली होती.

"हवं तर परकीच म्हण, अक्का," वत्सला म्हणाली. "पण तो घेऊ नकोस. पन्नास वर्षं वापरला नाही गे. परवासाठी ठेवला होता."