जॅकेटची ऊब

जळगावच्या फॅशन डिझाइन कॉलेजात शोची धांदल होती. कामिनीने यावलच्या केळीच्या खोडांपासून काढलेल्या धाग्याचं जॅकेट शिवलं होतं. टाके घालून घालून तिची बोटंच काय, ती स्वतःही बधिर झाली होती.

बिनमुंडक्याच्या डमीवरून उतरवलं, की ते जॅकेट दर वेळी आतून कोमट लागायचं. कुणीतरी आत्ताच अंगातून काढून दिल्यासारखं. बाहेर कडाक्याची थंडी आणि इस्त्री तर केव्हाची बंद.

पहिल्यांदा तिने हात झटकन मागे घेतला होता. पुढे त्याचं काही वाटेनासं झालं. गारठलेली बोटं शेकायला ती बाह्यांत हात घालून बसू लागली.

तालमीला तिची रूममेट, साक्रीची रूपा, जॅकेट घालून चालली. फेऱ्यांवर फेऱ्या मारून घामाघूम झाली.

"बठ्ठं बराबर शे वं!" सगळं नीट बसतंय, असं आपल्या अहिराणीत सांगत तिने ते काढून कामिनीच्या हातात दिलं.

कामिनीने सवयीने बाह्यांत हात घातले.

आत बर्फासारखं गार होतं.

"काय झालं गं?" रूपाने हसत विचारलं.

कामिनीने जॅकेट पुन्हा डमीवर चढवलं आणि रूपाकडे न बघता ते कोमट व्हायची वाट बघत उभी राहिली.