परतीचं शेवटचं प्रकरण

मंगळावरच्या वसाहतीत जन्मलेली अकरा वर्षांची शर्वाणी शंभर वर्षांपूर्वीची एक विज्ञानकादंबरी वाचत खदखदून हसत होती.

"आई, यात मंगळावर कालवे आहेत! इतकं चुकीचं पुस्तक पृथ्वीवरून कशाला आणलंस?"

"शेवट वाच, छान आहे," मृदुला म्हणाली.

शेवटी नायक पृथ्वीवर, आपल्या गावी परततो. शर्वाणीचं हसू थांबलं. इथे जन्मलेल्यांची हाडं पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण पेलू शकत नाहीत, हे तिला कालच शाळेत कळलं होतं.

"मला कधीच जाता येणार नाही, हे माझ्या जन्माआधी तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

मृदुलाने मान खाली घातली. "सांगितलं होतं. आम्ही सह्या केल्या होत्या."

शर्वाणीने पुस्तक मिटून आईच्या हातात दिलं.

"तूच वाच. तुला परत जाता येईल."