खुर्चीचा परवाना

"बसा ना, रावसाहेब," नवे कलेक्टर म्हणाले.

रावसाहेबांनी आधी कोटातून परवाना काढला. गोऱ्या कलेक्टरसमोर खुर्चीवर बसायची मुभा अख्ख्या जिल्ह्यात एकट्या त्यांनाच होती. त्यापायी त्यांनी चळवळीतल्या सख्ख्या भाच्याला पकडून दिलं होतं.

"आता परवाना कशाला? स्वराज्य आलं. कुणीही बसावं."

शेजारच्या खुर्चीत मांडीवर कोंबडी घेऊन एक म्हातारी ऐसपैस बसली होती. "बस की रं बाबा," ती म्हणाली. "फुकट हाय."

"हिच्याशेजारी? मग माझा मान तो काय राहिला?"

रावसाहेब तासभर ताठ उभे राहिले.

कलेक्टर कंटाळले. "मग उभं राहायचा परवाना लिहून देऊ का?"

रावसाहेबांचा चेहरा खुलला.

"एकट्या मलाच ना, साहेब?"