भोरड्यांचं गाव

"माझा घसा बसला म्हनून माझ्या जागी ह्या डबड्याला बसवताय व्हय?"

"डबडं न्हाय, रेडिओ हाय. आनि तू बोलू नगंस. डॉक्टरनं काय सांगितलंय?" रामहरीनं सुतळीनं रेडिओ रानातल्या राखणीच्या माळ्याच्या खांबाला आवळला. "ह्ये दिवसभर बोलतंय. दमत न्हाय, च्या मागत न्हाय."

"आनि तुमास्नी उलटून बी बोलत न्हाय."

"त्ये तर लई बेस की."

बजाबाईनं हातातली गोफण नवऱ्याच्या पायापाशी आपटली. लगीन होऊन वळसंगात आली तवापासनं ह्या रानातल्या जवारीची राखण तिची. माळ्यावर उभं राहून एक आरोळी ठोकली की शेजारच्या रानातली पाखरंसुद्धा उठायची. यंदा ऐन दाणा भरायच्या वक्ताला आवाज गेला. तोंड उघडलं की कुजबुजल्यागत नुसती हवा.

"सांजंपतोर बघू," रामहरी म्हणाला. "पाखरं उतरली न्हाईत तर उद्यापासनं तू घरी. उतरली, तर तुझा माळा तुला."

तो विहिरीकडच्या हरभऱ्याला पाणी द्यायला गेला. बजाबाई घरी गेलीच नाही. गोफण उचलली, बांधावरच्या बाभळीखाली फतकल मारली आणि रेडिओवर डोळा ठेवला. सवतीवर ठेवतात तसा.

सगळ्या राज्याचं स्टेशन ते. गाणं म्हणून नाही, नुसतं बोलणं. रामहरीनं मुद्दाम तेच लावलेलं. गाण्याला पाखरं सरावतात, माणसाच्या बोलण्याला नाही, असं त्याचं म्हणणं.

आधी बातम्या झाल्या. मग एक डॉक्टरीण गुडघ्यांवर बोलली. बजाबाईनं कुणी बघत नाही असं बघून पाय लांब केले. मग एक म्हातारा समुद्रातल्या दीपस्तंभावर एकट्यानं दिवस कसे काढले ते सांगत बसला. मग चार शहाणे एकमेकांवर असे तुटून पडले, की कोण काय म्हणतंय ते त्यांनाही कळत नसावं.

विजेच्या तारेवर भोरड्या बसलेल्या. काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या. ढगासारख्या येतात आणि उतरल्या की कणसात दाणा ठेवत नाहीत. पण त्या भांडणापुढं एकीची हिंमत झाली नाही.

"मुडदा बशिवला ह्या डबड्याचा," बजाबाई पुटपुटली. हवाच निघाली.

शेजारची चंद्रव्वा बांधावरनं डोकावली. "बजाक्का, माळ्यावर कोन पाव्हणं आल्यात गं? सकाळधरनं भांडायल्यात. च्या तरी दे की त्यास्नी!"

बजाबाईनं नुसता हात झटकला. जा म्हणून.

दुपारी नाटक लागलं. एक सून पेटी उचलून घरातनं निघाली आणि मागनं दार आपटलं. बजाबाई बाभळीखालनं उठली ती माळ्याखाली येऊन बसली. पाखरं नीट दिसावीत म्हणून.

नाटक संपलं आणि एक मास्तरासारखा आवाज आला. पाखरांचा अभ्यास करणारा कुणीतरी. "आधी एक आवाज ऐकवतो," तो म्हणाला, आणि रेडिओतनं किलबिल सुटली. कचकच, किरकिर, शंभर जणी एकदम भांडल्यासारखी.

बजाबाई ताडकन उठली. तारेवरची किलबिल थांबली होती. एक भोरडी उठली, दुसरी उठली, मग सगळा थवा. हवेत चादर झटकावी तसा वळला आणि माळ्याभोवतीच्या जवारीवर येऊन पडला.

जिंकली की! बजाबाई सरसर माळ्यावर चढली. गोफणीत खडा घातला, हात डोक्यावर नेला.

"हीच ती भोरडी," रेडिओ म्हणाला. "आपण तिला इथलीच समजतो. पण ही इथं अंडं घालत नाही. हिचं घरटं पार मध्य आशियात, डोंगरांच्या पलीकडं, दगडांच्या फटीत."

हात डोक्यावरच राहिला. उभा जन्म हिला शिव्या घातल्या, आणि हिचं गाव कोणतं हे एकदाही मनात आलं नव्हतं. खालची कणसं भाराखाली वाकत होती. एक भोरडी माळ्याच्या कडेला बसून तिच्याकडं मान वाकडी करून बघत होती.

"अगं मार की! बघत काय बसलीस?" रामहरी चिखलाच्या पायानं पळत आला आणि धापा टाकत माळ्यावर चढला. "बरं बाई, हारलो मी. तुझा माळा तुला. आधी ह्या फितुराचं तोंड बंद करतो." त्यानं बटनाला हात घातला.

"हात लावू नगाऽऽ!"

फाटका, पण आवाज निघाला. रानभर गेला. भोरड्या भर्रकन उठल्या आणि उगवतीच्या अंगाला निघून गेल्या. रामहरीनं बटनावरचा हात काढला.

"गप ऱ्हावा," ती म्हणाली. "तिचं गाव सांगायलाय त्यो." तिनं रेडिओला कान लावला.

"आता एवढा मुलूख ओलांडून ती नेमकी आपल्याच रानात का उतरते, ते खरं तर सांगायचं होतं," मास्तर म्हणाला. "पण इथं खुणा चालल्यात, वेळ संपली. मला आता निघायला हवं."