शांत जमीन

शशिकांत पाटणकरांनी तराजूत बंदुकीची दारू ओतली आणि निम्मी टेबलावर सांडली. नेमबाजीची रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरायचा त्यांचा छंद तरुणपणापासूनचा, पण असा कणही कधी वाया गेला नव्हता.

"कुमुद, धक्का जाणवला का गं?" त्यांनी हाक मारली. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीनंतर भूकंपमापक यंत्र त्यांनी घरातच बसवलं होतं.

"नाही हो!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

ते लगबगीनं यंत्रापाशी गेले. कागदावरची रेघ सरळ होती. जमीन अगदी शांत होती. त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला. बोटं थरथरत होती, आणि कितीही ताठ धरली तरी थांबेनात.

दारूचा डबा त्यांनी घट्ट बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन रायफलीच्या कपाटाची किल्ली बायकोच्या हातात ठेवली. "क्लबातल्या कुणाला तरी देऊन टाकू."

कुमुदताईंनी कारण विचारलं नाही. ते बघतच राहिले. "तुला माहीत होतं?"

"चहा सांडायचा तुमच्या हातून," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून अर्धाच कप भरते मी."