तांबड्या चिंधीची खूण

येडशीच्या घरात शिवांजली पायानं बाळाची झोळी हलवत लॅपटॉपसमोर बसली होती. बाळंतपणाच्या रजेनंतरचा पहिलाच दिवस, आणि कंपनीचं ॲप बंद पडलेलं. "सर्व्हरवर सहाशे कॉन्फिग आहेत. एखादी जुनी चुकून चालू झालीय. दहा मिनिटांत शोधा, नाहीतर काम दुसऱ्याकडं जाईल," साहेब कॉलवर म्हणाले. तिनं कॉन्फिगची, म्हणजे ॲप कसं चालावं ते सांगणाऱ्या फायलींची, यादी मागवली; पडदाभर सारखीच नावं. समोर सासूबाई बियाण्याच्या गाठोड्यांना चिंध्या बांधत होत्या: यंदाच्याला तांबडी, जुन्याला पांढरी. त्यांचंच बघून तिनं रजेआधी प्रत्येक कॉन्फिगला 'नवी' किंवा 'जुनी' असं लेबल लावलं होतं. आता चालू असलेल्यांपैकी फक्त 'जुनी' लेबलाच्या कॉन्फिग तिनं मागवल्या. एकच नाव उरलं. ती कॉन्फिग बंद करताच ॲप सुरू झालं. "लेबलं कुणी लावली?" साहेबांनी विचारलं. "मीच, सर. तेव्हा तुम्ही हसला होतात." सासूबाईंनी तांबडी चिंधी झोळीच्या दोरीला बांधली. "ह्ये तर यंदाचंच."