खुर्चीला अडकवलेला दोरा

पुढे सर्जनच राहायचं की इस्पितळांचा कारभार बघायचा, असं लष्करानं डॉक्टरांना फॉर्म पाठवून विचारलं. “वीस वर्षं घरात पाहुण्यासारखे राहिलात, आता तरी माणसात या,” बायको म्हणाली. डॉक्टरांनी कारभारावर खूण केली. मुख्यालयात ऐसपैस खुर्ची मिळाली. घरचं जेवण गरम असतं, हेही कळलं. फक्त हाताची खोड जाईना. फाईल वाचतानाही डावा हात सर्जनच्या जुन्या सरावानं खुर्चीला अडकवलेल्या दोऱ्याला टाक्यांच्या गाठी मारत बसे. दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या जुन्या इस्पितळाचा अहवाल आला. पोटात गोळी लागलेला जवान दूरच्या इस्पितळाच्या वाटेवरच रक्तस्रावानं गेला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: सर्जनची जागा रिकामी. “सही करा साहेब, नेहमीचंच आहे,” कारकून म्हणाला. उजव्या हातानं सही केली. डावा हात मात्र गाठीवर गाठ मारत राहिला. त्याला अजून रक्त थांबवायचं होतं.